वीस अंश, चोवीस कला आणि एक विकला

मित्रांनो, मला तीन पाय आहेत, एक डोळा आहे आणि जग मला उलटं दिसतं. एवढ्यावरून तुम्ही मला एखादं भूत समजाल, तर तसं काही नाही. मी एक जुना थिओडोलाइट आहे. नाव तोंडात बसत नसेल तर तिपाया म्हणा. दारव्ह्याच्या बाजूच्या एका तांड्यात मला याच नावानं ओळखत, आणि आता ओळखणारे तेवढेच उरले आहेत. जमीन मोजताना साहेब लोक तीन पायांच्या लाकडी घोडीवर एक पितळी दुर्बीण उभी करतात आणि एक डोळा मिटून तिच्यात बघत राहतात, ती तुम्ही पाहिली असेल. तो मी.

उलटं दिसतं हा आजार नाही. माझ्या पिढीच्या दुर्बिणींमध्ये भिंगं मोजकीच बसवत, त्यामुळे समोरचं चित्र डोक्यावर उभं राही. झाडांची मुळं वर, शेंडे खाली. गायी आभाळाला चिकटून चरत आहेत. ओव्हरसियर साहेब वटवाघळासारखे लटकून पान खात आहेत. हळूहळू सवय होते. पुढं पुढं तर मला सरळ माणसं पाहिली की चक्कर येई.

माझा जन्म विलायतेतल्या एका कारखान्यात झाला. तिथं माझ्या अंगात एक गोल पितळी चकती बसवली आणि तिच्यावर केसाएवढ्या बारीक रेघा ओढल्या. पूर्ण वर्तुळाचे तीनशे साठ अंश. एका अंशाचे साठ भाग केले की एकेक भाग म्हणजे एक कला. एका कलेचे पुन्हा साठ भाग केले की एकेक भाग म्हणजे एक विकला. पृथ्वीवरची कुठलीही जागा, मग ती राजवाडा असो की उकिरडा, या तीन शब्दांत सांगता येते. फक्त साठ लक्षात ठेवायचं. तुम्हीही ठेवा, कारण पुढं या साठावरूनच एक माणूस मरणार आहे.

मग मी बोटीतून हिंदुस्थानात आलो. एका गोऱ्या साहेबानं मला बरीच वर्षं मऊ कातड्यानं पुसलं, पावसात स्वतः भिजून माझ्यावर छत्री धरली. पुढं गोरे लोक गेले. जाताना साहेबानं कुत्रा नेला, बंदूक नेली, मला विसरला. मला यवतमाळच्या एका सरकारी कपाटात ठेवलं गेलं, आणि तिथं उभ्या उभ्या छप्पन्न साली मी मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेलो. कपाट तेच, भिंत तीच, पाल तीच. फक्त कागद बदलला आणि आम्ही सगळे दुसऱ्या राज्यात. कागद हलला की गाव हलतं, हे मी तेव्हाच ओळखायला हवं होतं.

नवं राज्य आलं तसा कारभार मराठीत सुरू झाला. इतकी वर्षं माझ्या रेघांना डिग्री, मिनिट, सेकंद म्हणत. आता फर्मान निघालं की अंश, कला, विकला म्हणा. शब्द जुने आहेत, पंचांगातले आहेत, छान आहेत. पण शब्द कुणाच्या कानावर पडणार, हे फर्मानात लिहिलेलं नसतं.

सत्तावन्नच्या उन्हाळ्यात पुंडलिकराव नावाचे एक तरुण ओव्हरसियर मला घेऊन त्या तांड्यावर आले. पुंडलिकराव बाभुळगावकडचे, चांगल्या कापसाच्या घरातले. मनानं वाईट नव्हते. मित्रांनो, हे वाक्य मी मुद्दाम सांगून ठेवतो, कारण या गोष्टीत कोणीच मनानं वाईट नाही. तरी गोष्ट कुठवर जाते ते बघा.

तांडा बंजाऱ्यांचा होता. उंचावरच्या माळावर वीस-पंचवीस घरं, आणि पाणी खाली नाल्याच्या पोटात. उन्हाळ्यात नाला आटला की बायका रेतीत खड्डा करून बसत आणि पाझरलेलं पाणी करवंटीनं घागरीत भरत. एक घागर भरेपर्यंत सावली या पायावरून त्या पायावर जाई. परत येताना चढण. त्या चढणीवर मागच्या वर्षी एक गरोदर बाई घसरली होती. घागर वाचली. या माळावर सरकार विहीर खोदून देणार, असं ठरलं होतं, आणि त्या विहिरीची जागा कागदावर पक्की करायला मी आलो होतो.

पुंडलिकरावांनी मला माळावर उभं केलं. लगेच तांड्याच्या डोंगरसिंग नाईकाची बायको मोतीबाई पुढं आली. तिच्या कांचळीवर, म्हणजे बंजारी चोळीवर, इतके आरसे होते की माझ्या भिंगात शंभर सूर्य उतरले.

“साहेब, याच्यात पाणी दिसते काय?”

“पाणी नाही दिसत बाई. जागा दिसते.”

“जागा तर मले बिनतिपायाचीबी दिसून राह्यली. हे काय, समोर हाय.”

पुंडलिकराव हसले आणि म्हणाले, बघ मग तूही. तिनं डोळा लावला आणि बराच वेळ काढला नाही.

“काय दिसलं वं?” डोंगरसिंगनं विचारलं.

“तांडा उलटा लटकला. तुमीबी लटकले. तुमचं धोतर कसं काय जागेवर राह्यलं, देव जाने.” मग तिनं डोळा आणखी जवळ नेला. “ते पाहा, झमकी घागर घेऊन येऊन राह्यली. घागर उलटी, तोंड खाली, अन् थेंब सांडत नाही. साहेब, मले याच नळीत राहू द्या. अठी पाणी टिकते.”

माझ्या उलट्या दिसण्याचं असं कौतुक पूर्वी कोणी केलं नव्हतं. मी त्या दिवशी माझी पातळी दाखवणारा पाणसळीचा बुडबुडा अगदी मधोमध धरून ठेवला.

भर दुपारी काळी काच लावून मी सूर्य माथ्यावर येताना पाहिला, आणि त्यावरून पुंडलिकरावांनी अक्षांश काढले. रेखांश त्यांनी नकाशावरून उचलले; ते नेमके अठ्ठ्याहत्तर अंश निघाले, वर कला नाही, विकला नाही. तिथं चूक करायला जागाच नव्हती. त्यांनी विहिरीच्या जागी सागाची एक खुंटी ठोकली. मोतीबाईनं ताबडतोब तिला शेंदूर लावला.

मग पुंडलिकरावांनी सगळ्या तांड्याला गोळा करून कागद वाचून दाखवला. वाचून दाखवायची गरज नव्हती, पण मराठीतला पहिला कागद होता, त्यांना हौस वाटली.

“डोंगरसिंग नाईक यांचा तांडा. वीस अंश, चोवीस कला, तीस विकला.”

तांड्यातल्या बायकांनी पोरं जवळ ओढली.

“कोनाले?” डोंगरसिंगनं विचारलं.

“कोणाला काय?”

“तांडा विकला म्हंता ना. कोनाले विकला?”

“अहो नाईक, विकला म्हणजे माप आहे.”

“मापल्याबिगर कोनी विकते काय? कापूसबी मापूनच विकते.”

“तसं नाही हो. हे बारीक माप. अंशाचं पोट म्हणजे कला, कलेचं पोट म्हणजे विकला.”

“पोट आमचं,” मोतीबाई म्हणाली, “अन् विकून राह्यले तुमी. चोवीस कला म्हंजे आमचं नाच-गानंबी मोजलं काय?”

तुम्हाला हसू येत असेल. मलाही आलं होतं, बुडबुडा हलला. पण खालचा सपाट माळ पूर्वी यांचाच होता, आणि एक दिवस कोणीतरी असाच कागद वाचून दाखवला होता. त्यातला एवढा एकच शब्द त्यांना कळला होता. तेव्हापासून तो शब्द कानावर आला की तांड्यातली माणसं आधी आपली पोरं जवळ ओढत.

डोंगरसिंग उठून उभा राहिला. “साहेब, विहीर पाह्यजे. नाही म्हनत नाही. पण हा शबद काढा. नाही तर तुमची विहीर परत घेऊन जा.”

पुंडलिकरावांनी खूप समजावलं. ऊन डोक्यात जात होतं, तांड्याचं पाणी पिऊन संपवायची लाज वाटत होती, आणि संध्याकाळची एस.टी. एकच होती. इतक्यात त्यांना आठवलं की कचेरीनं एक नवा नमुना पाठवला आहे. त्यात कला-विकलांची घरंच नाहीत. एकच घर आहे, दशांशाचं. अंश लिहायचे, टिंब द्यायचं आणि पुढचे आकडे लिहायचे. त्यांचा चेहरा उजळला.

आता नीट ऐका, कारण एवढा भाग शाळेतही उपयोगी पडेल. चोवीस कला म्हणजे अंशाच्या साठ भागांपैकी चोवीस. चोवीसाला साठानं भागा, येतात दशांश चार. तीस विकला म्हणजे अर्धी कला, ती अंशाच्या मानानं इतकीशी की आणखी दोन घरं मागं जाऊन बसते. सगळं मिळून होतात वीस दशांश चार शून्य आठ. एवढंच होतं. चौथीतला भागाकार.

पण त्याच उन्हाळ्यात नवे पैसे आले होते. रुपयाचे चौसष्ट पैसे जाऊन शंभर झाले होते आणि पुंडलिकराव त्या शंभरावर फार खूश होते. जुनं सगळं गेलं, आता सगळं शंभराचं, असं ते वाटेत मला वाहून आणणाऱ्या खलाशाला सांगत आले होते. नवे पैसे तसे नवे अंश. त्यांनी वीस लिहिले, टिंब दिलं आणि पुढं चोवीस लिहिले. विकला तर काढूनच टाकायच्या होत्या.

माझी चकती त्यांच्या कोपरापासून वीतभर अंतरावर होती. तिच्यावरची रेघ न् रेघ साठाचा हिशोब सांगत होती. पण बघायला डोळा लावावा लागतो, आणि काम झालं होतं.

“घ्या नाईक. कला गेली, विकला गेला. आता फक्त एक टिंब आहे.”

“टिंब म्हंजे काय?”

“टिंब म्हणजे काहीच नाही.”

“मंग लिवा,” डोंगरसिंग म्हणाला, आणि त्यानं अंगठा दिला.

मित्रांनो, ते काहीच नसलेलं टिंब विहिरीला घेऊन थेट दक्षिणेला अकरा मैलांपलीकडं निघून गेलं.

पुढच्या उन्हाळ्यात खोदणारी टोळी आली. ती वेगळ्या खात्याची. तिचं यंत्र माझ्याहून नवं आणि चकचकीत होतं. त्या यंत्रानं वीस दशांश चोवीस ही जागा तंतोतंत शोधून काढली. ती एका नदीच्या पात्रात होती. उन्हाळ्यामुळे पात्र कोरडं होतं. टोळीनं तांडा कुठं दिसतो का ते पाहिलं. दिसला नाही. त्यांचा मुकादम म्हणाला, “बंजारे ते. बिऱ्हाड पाठीवर. गेले असतील उठून, येतील परत.” तांडा उठून जातो हे सगळ्यांनाच ठाऊक होतं, म्हणून कोणाला काही विचित्र वाटलं नाही. हा तांडा तीन पिढ्या जागचा हलला नव्हता, हे फक्त तांड्याला ठाऊक होतं.

त्यांनी नदीत विहीर खोदली. गुडघाभर खोलीवर पाणी लागलं. जिल्ह्यात एवढ्या लवकर पाणी कुठंच लागलं नव्हतं. मोठ्या साहेबांनी शाबासकी दिली. विहिरीवर पाटी लागली, डोंगरसिंग नाईक तांडा, सार्वजनिक विहीर.

इकडं मोतीबाई खुंटीला दर अमावस्येला शेंदूर लावत होती. खुंटी इतकी लाल झाली की आलेला-गेलेला तिच्या पाया पडू लागला. शेवटी ती वैतागून कचेरीत आली. मी कोपऱ्यातच उभा होतो.

“साहेब, विहिरीचं काय झालं?”

“झाली की बाई,” पुंडलिकराव म्हणाले. “पाणी पण लागलं.”

“कोठी?”

“तुमच्या तांड्यात.”

“मी तांड्यातूनच येऊन राह्यली.”

पुंडलिकरावांनी कागद काढून दाखवला. “हे बघ. पूर्ण असा शेरा आहे.”

“शेऱ्यात दोर सोडू काय?”

दुसऱ्या दिवशी पुंडलिकराव मला घेऊन तांड्यावर गेले. मी पुन्हा सूर्य पाहिला आणि पुन्हा तेच सांगितलं, चोवीस कला. मी काही नवीन सांगणारा नव्हेच. मग ते नदीवर गेले. पात्रात विहीर होती, विहिरीवर पाटी होती, पाटीवर एक बगळा होता. तिथं त्यांनी मला उभं केलं. इथं कला चौदाच भरल्या. पुंडलिकरावांनी चौदाला साठानं भागलं, आयुष्यात पहिल्यांदा, उत्तर दशांश चोवीसाच्या जवळ आलं, आणि ते रेतीत खाली बसले. बराच वेळ बसले. मला ते वरून लोंबकळताना दिसत होते.

मला वाटलं, आता हा माणूस उठेल आणि खरं सांगेल. पण त्यांची नोकरी कच्ची होती, बहिणीचं लग्न तोंडावर होतं, आणि मोठ्या साहेबांची शाबासकी मिळून गेली होती. ते उठले, अंगावरची रेती झटकली, आणि त्यांनी अहवालात लिहिलं की यंत्र जुनं असून सदोष आहे.

मोठ्या साहेबांनी विचार केला. एका तांड्याला एकच विहीर मंजूर होती. ती झाली होती. पाणी भरपूर होतं. म्हणजे विहीर बरोबर होती. मग चुकीचं काय? जे उरलं ते. साहेबांनी हुकूम काढला की तांडा चुकीच्या जागी आहे, तो विहिरीजवळ न्यावा. शिवाय कागदावर आता तो उंच माळ रिकामा दिसत होता, म्हणून तिथं सागाची रोपं लावायचंही ठरलं. माळावर कोणीच राहत नसल्यामुळे हलवण्यात कोणाला त्रास होणार नाही, असा शेरा होता.

हुकूम वाचून दाखवायला पुंडलिकरावांनाच पाठवलं. सोबत शिपाई होते. मला परत आणलं होतं, सदोष असलो तरी, नव्या सागाच्या रांगा सरळ लावायला.

“तांडा विकला नाही ना?” डोंगरसिंगनं विचारलं.

“नाही नाईक.”

“मंग उठवता काहून?”

“विकला नाही. सरकला आहे.”

“मी तर हललो नाही.”

“तुम्ही नाही. टिंब.”

डोंगरसिंग मोठ्यानं हसला. “अन् तुमी म्हनले होते का टिंब म्हंजे काहीच नाही.” मग तो जाऊन खुंटीजवळ बसला. बाकीचा तांडा गाड्यांवर चढला. मोतीबाईनं त्याला हाताला धरून ओढलं, शिव्या दिल्या, शेवटी त्याच्याजवळ घागर ठेवली आणि म्हणाली, “पोरायले पोचवून येतो तुमाले न्याले. तोवर पुरवा.”

नदीपर्यंत गाड्यांना जायला-यायला चार दिवस लागले, आणि नाईक खुंटी सोडून नाल्यावर उतरला नाही. माळावर वैशाख होता. राखणदारांना सागाच्या रोपांसाठी पाणी मोजून मिळे. ते रोपांनाच घालायचं होतं, आणि ते मनानं वाईट नसले तरी हुकुमाचे ताबेदार होते. मी माळावरच उभा होतो, माझा डोळा खुंटीकडं लावलेला. मोतीबाई परत आली तेव्हा घागर आडवी पडलेली होती आणि नाईक तिच्याशेजारी. माझ्या भिंगातल्या घागरीतून थेंब सांडत नाही असं ती म्हणाली होती. त्या दिवशी ते खरं होतं. सांडायला काही नव्हतंच.

मग नोंदीचा प्रश्न आला. जिथं कोणी राहत नाही तिथं माणूस मरतो कसा? कचेरीत यावर पुष्कळ चर्चा झाली. शेवटी नोंद झाली ती नदीकाठी, सार्वजनिक विहिरीजवळ, भरपूर पाणी असलेल्या जागी.

त्या पावसाळ्यात नदीला पूर आला आणि विहीर काठोकाठ रेतीनं भरून गेली. पाटी तेवढी वर राहिली. आता उन्हाळ्यात तांड्याच्या बायका पाटीच्या सावलीत रेती उकरून बसतात आणि करवंटीनं घागर भरतात.

माझं काय झालं म्हणता? सदोष ठरल्यावर मला गोदामात टाकलं. नळीत उंदरानं बिऱ्हाड केलं, भिंगांवर बुरशी आली. काही वर्षांनी जुन्या खुर्च्या आणि फुटक्या कंदिलांबरोबर मला भंगारात काढलं आणि दारव्ह्याच्या बाजारातल्या रहेमाननं उचलून आणलं. पितळेसाठी तो माझं डोकं घोडीपासून काढू पाहत होता, पण पेच गंजले होते. म्हणून आज मी तुमच्याशी बोलतो आहे. गंजाचे माझ्यावर उपकार आहेत.

एका बाजाराच्या दिवशी मोतीबाई घागरीसाठी तिवई शोधत आली. तिनं मला पाहिलं. खूप वेळ पाहिलं.

“ले जाव बाई,” रहेमान म्हणाला. “तीन टांग का है. इसके उप्पर घागर मस्त बैठती.”

“हा तिपाया खोटा निंघाला म्हंते सरकार.”

“घागर ठेवने को खरा-खोटा क्या देखती?”

तिनं बदल्यात आरशांच्या कशिद्याची एक जुनी झोळी दिली. दुसऱ्या गिऱ्हाइकानं मला हात लावू नये म्हणून रहेमाननं खडू घेतला आणि माझ्या पायावर काहीतरी लिहिलं.

“काय लिवलं?” मोतीबाईनं विचारलं.

“विकला.”

तिनं खडूच्या अक्षरांवर बोट ठेवलं. मग तिनं अगदी शांतपणे विचारलं, “किती? तीस?”

रहेमानला काही कळलं नाही. “नही बाई,” तो म्हणाला, “एकच.”

तेव्हापासून मी नदीकाठी मोतीबाईच्या दारात उभा आहे. डोक्यावर घागर आहे, बहुतेक वेळा हलकीच असते. एका भिंगातून अजून थोडं दिसतं. नदी आभाळात आहे आणि तांडा तिच्याखाली लटकला आहे.

मित्रांनो, मला पुसू नका, तेल घालू नका, आता त्याचा उपयोग नाही. फक्त एक करा. कला दिसल्या की साठानं भागा. विकला दिसल्या की छत्तीसशेनं भागा. आणि टिंब देण्याआधी पेन क्षणभर वर धरा, खाली कोणी राहतं का ते बघा. पुंडलिकराव म्हणाले होते, टिंब म्हणजे काहीच नाही. त्याच टिंबाखाली डोंगरसिंग सापडला.